डायरेक्टर रुक्माबाई आणि कच्चं भरीत

पितळेवर एकदा कोरलेलं नाव परत काढता येत नाही, ही गोष्ट पाटीवाल्याने मला आधी सांगायला हवी होती. त्याने सांगितली नाही. उलट "साहेब, अक्षर जरा खोल मारू का? पिढ्यान् पिढ्या टिकेल," असं विचारलं, आणि मी छाती फुगवून "मारा" म्हणालो. बुद्धी फिरते ती अशीच फिरते.

मी नवल बडगुजर. जळगावला केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे, तिथे ऑफिस सांभाळतो. हजेरी, पत्रव्यवहार, पावत्या, आणि संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, हे सगळं माझ्याकडे. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत कारखान्यात मशिनं बदलली, छत बदललं, केळी उतरवायचा धक्का बदलला. बदललं नाही ते माझं स्टूल. संचालक खुर्च्यांवर बसतात आणि मी दाराजवळ स्टुलावर बसून ते काय म्हणाले ते लिहितो. खरं म्हणजे ते काही म्हणतच नाहीत. मी आदल्या दिवशीच "सर्वानुमते मंजूर" असं लिहून ठेवतो. पण बसायला स्टूलच.

तर दिवाळीनंतर पुण्याच्या एका मोठ्या दुकानसाखळीकडून मेल आला. आमचे वेफर्स त्यांना वर्षभर हवे होते. ही ऑर्डर मिळाली तर दुसरी पाळी सुरू होणार होती. सोबत एक लांबलचक फॉर्म होता आणि त्यात सतरावा प्रश्न असा : आपल्या संचालक मंडळात आपल्या कामगारवर्गाची विविधता दिसते का?

मी तो प्रश्न आमच्या मालकांना, म्हणजे प्रेमराजनानांना, वाचून दाखवला.

"विविधता म्हणजे?" नाना म्हणाले.

"म्हणजे बोर्डावर वेगवेगळ्या प्रकारची माणसं आहेत का, असं विचारतात."

"आहेत ना!" नाना म्हणाले. "रुपचंद भरितात शेंगदाणे टाकतो. निंबा टाकत नाही. पुना तर टमाटा टाकतो. तरी त्याला आपण बोर्डावर ठेवलाय. याच्यापेक्षा जास्त विविधता जळगाव जिल्ह्यात कोणाकडे असेल तर दाखव मला."

रुपचंद आणि निंबा हे नानांचे सख्खे भाऊ, आणि पुना पुतण्या. चौघांचं आडनाव एक, नाक एक, आणि विचार करताना कान खाजवायची सवयसुद्धा एक. कारखान्यात एकशेबारा माणसं कामाला, त्यातल्या सत्त्याऐंशी बाया. कोणी यावलकडची, कोणी पारोळ्याची, कोणी पार सातपुड्यातली. बोर्डावर बाई म्हणाल तर भिंतीवरच्या फोटोतली नानांची आई, तीही हार घातलेली.

मी हे सगळं जरा सौम्य शब्दांत सांगितलं. नानांनी कान खाजवला. "ठीक आहे. कामगारांतून एक माणूस घेऊ बोर्डावर. नवल, तू लाग कामाला."

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून शहाण्या माणसाने काय समजायचं? पगार मी घेतो, म्हणजे कामगार मी. बावीस वर्षं मी बोर्डाच्या खोलीत बसतो, म्हणजे अनुभव मला. राहिला फक्त स्टुलावरून खुर्चीवर जाण्याचा अडीच पावलांचा प्रवास. मी घरी गेलो आणि सुलक्षणाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, "बातमी आहे, पण कोणाला सांगू नकोस" असं म्हणालो. तिने ती फक्त शेजारच्या वच्छलाअक्कांना सांगितली. वच्छलाअक्कांनी ती फक्त त्यांच्या मिस्टरांना, झुलालआबांना सांगितली. झुलालआबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी माईकवर गाड्या लावल्या. आवाज अजून तोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्ख्या कॉलनीच्या लेखी मी डायरेक्टर झालो होतो.

"नवलभाऊ, डायरेक्टरने स्कूटीवर जायचं नाही," आबा म्हणाले.

"मग कशावर जायचं? माझ्याकडे स्कूटीच आहे."

"चालत जायचं. चालत गेलं की लोकांना वाटतं गाडी सर्व्हिसिंगला गेलीय."

सल्ला मला पटला. सफारी शिवायलाही आबांनीच सांगितलं आणि पितळी पाटीसुद्धा त्यांचीच कल्पना. "नवल पं. बडगुजर, संचालक." रविवारी गणपतीच्या मंदिरात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आबांनी भाषण केलं. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं," आबा गरजले, "म्हणून कामगाराच्या पोटातला माणूस बोर्डावर पाहिजे!" मी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, खरंच भरून आलं होतं.

सोमवारी नवी सफारी घालून, चालत, घामाघूम होऊन मी कारखान्यात पोचलो. नाना म्हणाले, "बरं झालं आलास. रुक्माबाईला बोलव. तिला डायरेक्टर करायचंय. बायांनी शनिवारी हात वर करून तिचं नाव दिलंय."

मी म्हणालो, "नाना, मला वाटलं... म्हणजे अनुभव वगैरे..."

"तू?" नाना मनापासून हसले. "अरे, तू तर घरचाच माणूस!"

घरच्या माणसाला घरात काय मिळतं हे मला ठाऊक होतं. स्टूल. पाटी कपाटात, साड्यांच्या मागे गेली. शाल सुलक्षणाने इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. आणि आबांना मी सांगितलं की नेमणूक "प्रक्रियेत आहे". सरकारी नोकरी केलेला माणूस हा शब्द ऐकला की पुढे काही विचारत नाही.

रुक्माबाई सपकाळे आमच्याकडे केळी सोलण्याच्या विभागात. अठरा वर्षं. कच्च्या केळ्याची साल सुरीने अशी काढते की केळ्याला कळत नाही आपण नागवे झालो ते. माहेर पारोळ्याचं, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, मन्ही सोलानी जागा तर जावाव नही ना?"

"नाही जाणार. कामही राहील, पगारही राहील."

"मंग चाली. पन एक गोट शे. मी आंगठा देस नही. रातनी शाळामा जाई जाई सही शिकनू मी. आते सही करसू, आंगठा नही."

"आंगठ्याचा काय संबंध? डिजिटल सही असते," मी म्हणालो.

इथे माझी चूक झाली. डिजिटल सही काढायला आधी आधारची ओळख पटवावी लागते. ती मोबाईलवर येणाऱ्या आकड्याने पटते, पण रुक्माबाईच्या आधारला जोडलेला नंबर होता तिच्या जावयाचा, आणि जावयाने तो मोबाईल तापी नदीत पाडलेला. नंबर बदलायचा तर काय लागतं? बरोबर. आंगठा.

माझा मेहुणा युवराज धुळ्याला देवपुरात ही असली कामं करतो. "दाजी, घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे," असं तो फोनवर म्हणाला. युवराजची पाच मिनिटं मी लग्नापासून ओळखतो, तरी गेलो. एसटीत रुक्माबाई खिडकीशी बसली आणि पारोळा आल्यावर तिने अर्ध्या बसला सांगून टाकलं की, "हाई मन्हं माहेर, आनि हाऊ भाऊ माले डायरेक्टर कराले लई जाई ऱ्हायना." सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "माले बी करशात का, भो?"

देवपुरात युवराजने मशीन पुढे केलं. रुक्माबाई आंगठा द्यायला तयार नव्हती. अर्धा तास समजूत घातली की हा न शिकलेल्याचा आंगठा नाही, हा आंगठा साहेबसुद्धा देतात. युवराजने आपला देऊन दाखवला. मीही दिला. शेवटी तिने मोठ्या मनाने आंगठा टेकवला.

मशिनने तो घेतला नाही.

मग दुसरा आंगठा. मग दहाही बोटं, पुसून, धुऊन, फुंकर मारून. अठरा वर्षांच्या केळीच्या चिकाने आणि सुरीने बोटांवरच्या रेघाच खाऊन टाकल्या होत्या. काळ्याभोर, गुळगुळीत बोटं. रुक्माबाई आधी मशिनकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "देखा भाऊ. मी देत नव्हतू तवय बठ्ठा जन माले मांगेत. आते मी दी ऱ्हायनू तर हाई घेत नही."

तिला हसू येत होतं. मला मात्र कसंतरी झालं. अठरा वर्षं तिच्या हजेरीवर मी खूण करत आलो आणि तिची बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"पंधरा दिवस हाताला आराम द्या, ग्लिसरीन लावा, रेघा येतील परत," युवराज म्हणाला.

परत आल्यावर ही बातमी कॉलनीत कशी पोचली ते देव जाणे, म्हणजे सुलक्षणा जाणे. वच्छलाअक्कांनी साय सांगितली, आबांनी राख सांगितली, समोरच्या घरातून एरंडेल आलं. हे सगळं माझ्या हातून रुक्माबाईला जायचं, आणि कॉलनीतल्या सगळ्यांना वाटायचं की बोटं माझीच आहेत. आबा एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नवलभाऊ, तुमच्या रेघा तर चांगल्या आहेत. अडलंय कुठे?" मी म्हणालो, "प्रक्रियेत."

नानांनी रुक्माबाईला पंधरा दिवस भरपगारी हलकं काम दिलं. पण रुक्माबाईला हलकं काम येत नाही. ती ऑफिसात आली, दोन्ही हातांत तिच्या नातवाचे लोकरी मोजे घालून, आणि बसली. कुठे बसली? माझ्या स्टुलावर. ऑफिसात दुसरं होतं काय? हाताने काही करता येत नाही अशा बाईला उठ म्हणणं माझ्या जिभेवर येईना. म्हणून पंधरा दिवस मी उभं राहून पत्रं लिहिली. माझी पोटरी अजून त्या पंधरा दिवसांची आठवण काढते.

ती स्टुलावर बसून सगळं बघायची. "भाऊ, हाई काय लिखतस?"

"पुढच्या बैठकीचं इतिवृत्त."

"बैठक तर व्हयनी नही."

"तसंच असतं."

"आनि हाई सर्वानुमते म्हंजे काय?"

"म्हणजे सगळ्यांचं मत एक."

"इचारं का सर्वासले?"

मी फायलीत डोकं घातलं. काही प्रश्न असे असतात की त्यांच्यापेक्षा उभं राहणं सोपं.

पंधरा दिवसांनी आम्ही परत देवपूरला गेलो. मशिनने नऊ बोटं नाकारली आणि दहावं, डाव्या हाताची अनामिका, घेतलं. युवराजने टाळी वाजवली. आधारला नवा नंबर लागला. मग डिजिटल सहीसाठी कॅमेऱ्यापुढे आपलं नाव सांगायचं असतं. रुक्माबाईने नाव सांगितलं, गाव सांगितलं, सासर-माहेर सांगितलं, आणि कॅमेऱ्याला "जेवनात का?" असंही विचारलं. सही मंजूर झाली, संचालकाचा नंबर आला, मी कागद फिरवून चौघांच्या सह्या घेतल्या. झाली डायरेक्टर.

आता राहिली पहिली बैठक. ऑर्डर द्यायच्या आधी ती बैठक बघायला पुण्याहून त्या दुकानसाखळीच्या वृषाली मॅडम स्वतः येणार होत्या. आणि इथे आमच्या कंपनीची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या बोर्डाच्या बाकी बैठका ऑफिसात होतात, पण वर्षाची मोठी बैठक भरीत पार्टीत होते. थंडीत, नानांच्या शेतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, पुऱ्या तळायच्या, पोटभर खायचं, आणि सुस्ती आली की सह्या करायच्या. मी म्हणतो, दिल्ली-मुंबईच्या कंपन्यांनीही ही पद्धत घ्यावी. भरीत खाऊन कोणी विरोधी मत दिल्याचं मला आठवत नाही.

आणि ते भरीत दरवर्षी करायचं कोणी? रुक्माबाईने. हे इतकं ठरलेलं होतं की त्या वर्षीही ते कोणी बोललंसुद्धा नाही. मी तर नाहीच नाही. मी फक्त नोटीस पाठवली.

रविवारी सकाळी रुक्माबाई मोरपंखी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हातात ती नोटीस धरून शेतात आली आणि कडुनिंबाच्या झाडाखाली मांडलेल्या पाच खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसली. वीस किलो वांगी गोणीत तशीच पडून होती.

साडेदहाला नाना म्हणाले, "रुक्माबाई, वांगी धुतली का?"

"नही."

"का गं? बरं नाही का?"

रुक्माबाईने नोटीस उलगडली. सही शिकताना वाचायलाही शिकली होती, बोट ठेवून सावकाश वाचलं. "'संचालक या नात्याने उपस्थित राहावे.' नाना, यामा वांगं नही. नवलभाऊनी लिखेल शे, इचारा त्यासले."

चार नाकं माझ्याकडे वळली.

"माझ्या हातून वांगं राहिलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग करायचं कोणी?" रुपचंदभाऊंनी विचारलं.

"बठ्ठा डायरेक्टर शेतस ना?" रुक्माबाई म्हणाली. "तुम्ही सुरू करा, मी सांगस आठून."

पुढचा तास मी कोणत्याही इतिवृत्तात लिहिलेला नाही. वीस वर्षं ज्यांनी भरितात शेंगदाणे असावेत की नसावेत यावर भांडणं केली, त्या चौघांपैकी एकालाही वांग्याला आधी टोचे मारायचे असतात हे माहीत नव्हतं. रुक्माबाई खुर्चीतून ओरडून सांगेपर्यंत सगळी वांगी जाळात गेली होती. पहिलं वांगं फुटलं तेव्हा निंबाभाऊ गोठ्यात पळाले. दुसरं रुपचंदभाऊंच्या मिशीवर आलं. पुना टमाटे चिरत होता, ते बघून नानांनी भर शेतात त्याचा बाप काढला, आणि तो बाप नानांचाच भाऊ होता. मी जाळ फुंकायला वाकलो आणि सफारीच्या बाहीने पेट घेतला. सत्काराची सफारी! सुलक्षणाने तोपर्यंत ती तीनदा धुतली होती.

नेमक्या त्याच वेळी वृषाली मॅडमची गाडी आली.

मॅडमनी काय पाहिलं? कंपनीचे मालक धुरात बसून वांगी सोलतायत, पुतण्या मिरच्या ठेचतोय, ऑफिसचा माणूस बाही विझवतोय, आणि सोलणी विभागातली बाई सावलीत खुर्चीवर बसून सूचना देतेय. मॅडम जागच्या जागी थांबल्या. "मी चाळीस कंपन्या पाहिल्या," त्या हळूच म्हणाल्या, "पण असं नाही पाहिलं कुठे." आणि त्यांनी वहीत भराभर लिहायला सुरुवात केली. नानांनी कान खाजवला आणि सांगून टाकलं, "आमच्याकडे असंच असतं."

भरीत कच्चं होतं. बाहेरून कोळसा, आतून वांगं. त्यामुळे कोणाला सुस्ती आली नाही आणि कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा बैठक जाग्या माणसांची झाली. पाच खुर्च्यांवर पाच संचालक, मॅडमना नानांची खास आरामखुर्ची, आणि मी बांधाशी उभा, जळक्या बाहीच्या हातात रजिस्टर धरून. तयार इतिवृत्त वाचू लागलो. "सर्वानुमते मंजूर..."

"थांबा भाऊ," रुक्माबाई म्हणाली. "माले दोन गोटी सांगन्या शेतस."

पहिली गोष्ट सोलणीच्या टेबलाची. अकरा वर्षांपूर्वी ते पुनाने स्वतःच्या कमरेशी मापून बनवून घेतलं. पुना सहा फूट. तेव्हापासून बाया केळीच्या क्रेटवर उभ्या राहून सोलतात आणि दर महिन्याला एखादी पडते. पुनाचं तोंड एवढंसं झालं. "मला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "सांगाले आठे कोन व्हतं?" रुक्माबाई म्हणाली. नानांनी कान खाजवला नाही. "उद्याच पाय कापा टेबलाचे," ते म्हणाले, आणि मी लिहिलं.

"दुसरी गोट त्या स्टुलनी," रुक्माबाई म्हणाली. माझा पेन थांबला. "पंधरा दिन मी त्यावर बठनू. मन्ही कंबर मोडी गयी. त्याना एक पाय आखूड शे. हाऊ मानूस बावीस वरीस त्यावर बठना, आनि तुम्हना बठ्ठास्ना शब्द लिखत ऱ्हायना. तो बी कामगारच शे ना, नाना? त्याले पाठनी खुर्ची द्या. टेबलजोडे. दारजोडे नही."

मी रजिस्टरकडे बघत होतो, पण ओळी दिसत नव्हत्या. धूर होता, असं मी नंतर सर्वांना सांगितलं.

"लिही," नाना म्हणाले. "सूचक रुक्माबाई. अनुमोदक मी. अरे, तू बोलला का नाहीस कधी?"

मी काय सांगणार? घरचा माणूस होतो.

ऑर्डर मिळाली. दुसरी पाळी सुरू झाली. खुर्ची आली, चाकांची, पाठीला उशी असलेली. ऑफिसची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती आहे, त्यामुळे मी टेबलाशी बसतो आणि दुपारपर्यंत सरकत सरकत पुन्हा दाराजवळ पोचतो. पण माझं मी परत येतो. यंदा भरीत पार्टीच्या नोटिशीत मी स्पष्ट लिहिणार आहे की वांग्याला टोचे कोण मारणार.

राहिली पाटी. आबांना शेवटी मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी आवाज खाली आणला, आणि त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. मग म्हणाले, "पाटीला दोन बाजू असतात, नवलभाऊ." मी ती साड्यांमागून काढली आणि त्याच पाटीवाल्याकडे नेली. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने कोरून दिलं : "रुक्माबाई सपकाळे, संचालक." मी ती स्वतः जाऊन तिच्या दाराशेजारी चार खिळ्यांनी ठोकली. तिने पदराने पुसली, बोट ठेवून वाचली, आणि मला चहा पाजला.

मागच्या बाजूला माझं नाव तसंच आहे, खोल कोरलेलं. भिंतीकडे तोंड करून का होईना, मी संचालक आहे.